अपत्यसिद्धीचे शास्त्र

अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात ‘अपत्य’ कोणाला म्हणावे हे नेमके सांगितलेले असून, त्यानुसार जी व्यक्ती अविवाहित आहे आणि जिचे वय २१ वर्षांपेक्षा कमी आहे तीच अपत्य ठरते. एकविसावा वाढदिवस उजाडला, किंवा त्याआधीच बोहल्यावर चढण्याची घाई झाली, की तिचे अपत्यपण संपते आणि तिची रवानगी दुसऱ्या, बऱ्याच लांब रांगेत होते. मराठी आईला ही व्याख्या पटण्यासारखी नाही, कारण तिच्या लेखी पंचेचाळिशीला टेकलेला, दोन मुलांचा बाप असलेला गृहस्थही थंडीत स्वेटरशिवाय बाहेर सोडू नये इतका लहानच असतो. तथापि व्हिसा आई देत नाही, दूतावासातील अधिकारी देतो, आणि म्हणून आपले मूल हे आपलेच मूल आहे, ही घरात कोणीही कधी न विचारलेली गोष्ट कागदोपत्री सिद्ध करण्याच्या उद्योगात पुण्या-मुंबईपासून सांगली-नागपूरपर्यंतची अनेक कुटुंबे महिनोन्‌महिने गढलेली असतात.

कुटुंबाधारित स्थलांतरित व्हिसा म्हणजे अमेरिकेतील नातलगाच्या अर्जावरून तिथे कायमचे राहायला जाण्यासाठी मिळणारा परवाना. अमेरिकेचा नागरिक, किंवा ग्रीन कार्डधारक म्हणजे नागरिक नसूनही तिथे कायम राहण्याचा हक्क मिळालेला मनुष्य, आपल्या नातलगासाठी ‘आय-१३०’ नावाचा अर्ज करतो. तो मंजूर झाला की प्रकरण न्यू हॅम्पशायर राज्यातील पोर्ट्समथ येथील नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. ते केंद्र शुल्क घेते, ‘डीएस-२६०’ हा ऑनलाइन अर्ज भरून घेते, कागद तपासते, आणि समाधान झाले की ‘डॉक्युमेंटरिली क्वालिफाइड’, म्हणजे कागदपत्रांच्या दृष्टीने पात्र, असा शेरा मारते. या शेऱ्याला जाणकार ‘डीक्यू’ म्हणतात आणि ज्यांचे ‘डीक्यू’ झाले नाही त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहतात. मुलाखत मुंबईत होते. जुन्या पिढीने ब्रीच कँडीच्या रस्त्यावर उभे राहून काढलेली रांग २०११ सालापासून वांद्रे-कुर्ला संकुलात गेली आहे, आणि शहराचे नाव १९९५ साली बदलले असले तरी मुंबईच्या प्रकरणांचे क्रमांक अजून ‘बीएमबी’ या बॉम्बेच्याच अक्षरांनी सुरू होतात, यावरून अमेरिकी कारकुनीचा सनातनीपणा लक्षात यावा.

नागरिकाच्या अल्पवयीन मुलाला रांग नसते. इतर बहुतेक नातलगांना असते, आणि ती ‘व्हिसा बुलेटिन’ नावाच्या मासिक तक्त्यावरून मोजावी लागते. अर्ज ज्या दिवशी दाखल झाला ती त्याची ‘प्रायॉरिटी डेट’; तक्त्यातील तारीख तिच्या पुढे गेली की नंबर लागला. कोणत्याही एका देशाला वार्षिक व्हिसांपैकी ७ टक्क्यांहून अधिक देऊ नयेत असा दंडक असल्यामुळे भारतीयांची रांग विशेष लांबते, आणि नागरिकाने आपल्या भावासाठी वा बहिणीसाठी केलेल्या अर्जाच्या गटात २०२४-२५ च्या सुमारास २००६ साली दाखल झालेल्या अर्जांना वाचा फुटत होती. एरवी पंचांगाला अंधश्रद्धा म्हणणारी सुशिक्षित मंडळी या तक्त्याची वाट ज्या निष्ठेने पाहतात, तारीख पुढे सरकली की पेढे आणि मागे गेली की उपास अशी जी अवस्था होते, ती पाहता पंचांगाचा कागद तेवढा बदलला आहे असे म्हणावे लागते.

मामाने आईसाठी अर्ज केला तेव्हा पाळण्यात असलेले मूल नंबर लागेपर्यंत मिशा कोरू लागते आणि ‘अपत्य’ या व्याख्येबाहेर पडण्याच्या बेतात येते. या आपत्तीवर अमेरिकी संसदेने २००२ साली ‘चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अॅक्ट’ हा उतारा काढला, ज्यानुसार अर्ज मंजुरीसाठी जितके दिवस सरकारदरबारी पडून राहिला तितके दिवस मुलाच्या वयातून वजा करायचे असतात. म्हणजे मंजुरीला चार वर्षे लागली असतील तर व्हिसा उपलब्ध होण्याच्या दिवशी २३ वर्षांचा असलेला युवक कायद्याने १९ वर्षांचा ठरतो. सरकारी दिरंगाईने माणूस तरुण होतो असे उदाहरण जगाच्या प्रशासकीय इतिहासात दुर्मीळच असावे. मात्र ही सवलत अविवाहितालाच आहे. ग्रीन कार्डधारकाच्या मुलाने लग्न केले तर त्याच्यासाठी केलेला अर्जच निकालात निघतो, कारण ग्रीन कार्डधारकांच्या विवाहित मुलांसाठी कायद्यात गटच नाही. परिणामी, एरवी पंचविशीच्या आत मुलीला उजवण्यासाठी जिवाचे रान करणाऱ्या आत्या आणि मावश्या अशा घरी आलेले उत्तम स्थळ ‘अजून लहान आहे हो ती’ असे सांगून परत पाठवताना दिसतात, आणि कधी नव्हे ते त्यांचे म्हणणे अमेरिकी कायद्याशी तंतोतंत जुळते.

तयारीचा खरा गाभा मात्र फाइल हा आहे. तिच्यात अग्रपूजेचा मान जन्मदाखल्याचा, आणि घोटाळ्याची सुरुवातही त्याच्यापासूनच. कायद्यानुसार जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते. रुग्णालय ती तत्परतेने करते, परंतु घरात त्या वेळी नावावरून आजोळ विरुद्ध सासर असे धुमश्चक्रीचे प्रकरण चालू असल्यामुळे ‘बालकाचे नाव’ हा रकाना कोराच राहतो. पुढे बारसे होते, घुगऱ्या वाटल्या जातात, नाव साऱ्या आळीला कळते, फक्त नगरपालिकेला कळवायचे राहून जाते. आणि मग नऊ-दहा वर्षांनी असे उघडकीस येते की शासनाच्या दप्तरी अमुक तारखेला अमुक दांपत्यास एक पुरुष जातीचे अपत्य झाले, इतकेच. ते अपत्य हेच, जे समोर बसून नखे खात आहे, हे दाखला सांगत नाही.

दुसरा घोटाळा आईच्या नावाचा. लग्नात तांदळावर अंगठीने नवे नाव लिहून सुनेला सासरचे नाव देण्याची प्रथा अनेक घरांत अजून टिकून आहे, आणि तिच्यामुळे पदवी प्रमाणपत्रावर एक, लग्नाच्या दाखल्यावर दुसरी, पासपोर्टवर तिसरी अशा तीन स्त्रिया एकाच मुलाच्या आई असल्याचे फाइल सांगू लागते. या तिन्ही एकच व्यक्ती आहेत, असे स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरीपुढे शपथ घेण्याची पाळी त्या माउलीवर येते. भरीला पत्रिकेवरचे नाव, घरात हाक मारायचे नाव आणि ‘सौ.’ हे बिरुद यांपैकी काही ना काही कुठल्या तरी कागदात शिरलेले असतेच. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम सरकारी कागदपत्रांसाठी ठरवला, हे न्याय्यच झाले. पण अमेरिकी अर्जातील मधल्या नावाच्या एवढ्याशा चौकटीत आता आई आणि वडील दोघांनाही दाटीवाटीने बसावे लागणार आहे.

तारखांचे दुखणे वेगळे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख ठोकून द्यायची, ही जुनी रीत आजोबांच्या पिढीबरोबर बरीचशी ओसरली असली, तरी अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस लिहितात, हे रात्री उशिरा अर्ज भरणाऱ्या बापाच्या लक्षात राहत नाही आणि ५ जूनला जन्मलेले मूल अर्जात ६ मे रोजी, म्हणजे वस्तुतः जन्मण्याच्या महिनाभर आधीच, जन्म घेते. महिन्याच्या १२ तारखेनंतर जन्मलेली मुले या संकटातून आपोआप सुटतात. इतरांच्या पालकांनी सर्व कागद शेजारी शेजारी मांडून तारखा ताडून पाहाव्यात, हे उत्तम. मराठीतील दाखल्यांचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते, आणि भाषांतर अचूक आहे व आपल्याला दोन्ही भाषा येतात असे भाषांतरकाराने लिहून द्यावे लागते. सारांश, आईने आपण आपणच असल्याची आणि भाषांतरकाराने आपल्याला मराठी येत असल्याची ग्वाही द्यायची. यानंतर पाळी बापाची.

बापाने द्यायचे ते ‘आय-८६४’, म्हणजे भरणपोषणाचे प्रतिज्ञापत्र. त्यात तो अमेरिकी सरकारला असे वचन देतो की आपण या मुलाला उपाशी ठेवणार नाही, आणि त्याचे उत्पन्न तेथील दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असल्याचे करविवरणपत्रांनिशी दाखवतो. हे बंधन घटस्फोटानेही सुटत नाही; मूल नागरिक झाले, त्याच्या कामाच्या ४० तिमाही भरल्या, त्याने देश कायमचा सोडला किंवा दोघांपैकी एकाचे निधन झाले, तरच सुटते. नागरिकाचे १८ वर्षांखालील मूल आईबापाकडे राहायला जात असेल तर २००० सालच्या कायद्यामुळे ते अमेरिकेत पाऊल ठेवताच नागरिक होते आणि त्याच्यासाठी हे प्रतिज्ञापत्र लागत नाही. बाकीच्या बापांनी ते वाचून गंभीर व्हावे, अशी सरकारची अपेक्षा दिसते. मराठी बाप मात्र त्यातील ‘४० तिमाही’ हे शब्द वाचून उलट सुखावतो, कारण मुलाच्या पोटापाण्याची जबाबदारी कधीतरी संपते असे त्याला यापूर्वी कोणीच लेखी दिलेले नसते.

छायाचित्र दोन इंच बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीचे, चष्म्याविना आणि सहा महिन्यांच्या आतले हवे. मुंज ठरलेली असेल तर ती मुलाखतीनंतर करावी, कारण केसाळ छायाचित्र आणि तुळतुळीत डोके यांची सांगड अधिकाऱ्याला शास्त्रार्थ सांगून घालून देणे सोपे नाही. वैद्यकीय तपासणी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. २ ते १४ वर्षांच्या मुलांची क्षयरोगासाठी रक्तचाचणी करतात, १५ वर्षांपासून पुढे छातीचा एक्स-रे काढतात. ही रक्तचाचणी बीसीजीच्या लशीने फसत नाही, म्हणून दंडावरच्या व्रणाची चिंता नको. चिंता करायची ती लसीकरणाच्या कार्डाची, जे हमखास हरवलेले असते. मग आजी साक्षीला उभ्या राहतात आणि गोवराची लस दिली त्या वर्षी पाऊस फार झाला होता, गाईला वासरू झाले होते, इतक्या तपशिलाने सांगतात. डॉक्टर आदराने ऐकून घेतात आणि तारीख नसल्यामुळे लस पुन्हा टोचतात.

आता रंगीत तालीम. वास्तविक मुलाखतीला इंग्रजी यावेच लागते असे नाही, आणि लहान मुलाला विचारून विचारून अधिकारी काय विचारणार? तरीही नऊ वर्षांच्या मुलाला रोज रात्री जेवणानंतर डायनिंग टेबलाच्या एका बाजूला उभे केले जाते, पलीकडे आई अधिकारी होते, अमेरिकेतून बाबा व्हिडिओवर निरीक्षक म्हणून हजर असतात, आणि न्यू जर्सीची मावशी मध्येच उच्चार सुधारते. या तालमीत एक खरा धोका सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘तुला भावंडे किती?’ या प्रश्नावर मराठी मूल मोठ्या अभिमानाने ‘चार भाऊ आणि दोन बहिणी’ असे सांगते, कारण चुलत, मामे, आते, मावस हे सगळे त्याचे भाऊच असतात आणि राखी पौर्णिमेला मनगट तशी साक्षही देते. इकडे आईच्या अर्जात अपत्ये एक. अधिकाऱ्याच्या मनात उरलेल्या सहा जणांविषयी जे कुतूहल जागे होते ते शमवायला बराच वेळ जातो. तेव्हा एवढी एकच गोष्ट मुलाला शिकवावी, की त्या खिडकीपुढे भाऊ म्हणजे सख्खा भाऊ. बाकी काही शिकवू नये, कारण घोकून घेतलेले उत्तर घोकल्यासारखेच बाहेर पडते.

प्रत्यक्ष मुलाखत काचेच्या खिडकीपाशी, उभ्या उभ्या होते. मोठ्यांना उजवा हात वर करून खरे बोलण्याची शपथ घ्यावी लागते. अधिकारी मुलाकडे पाहून हसतो, नाव विचारतो, आणि मग खरा मोर्चा आईकडे वळवतो: यजमान काय काम करतात, राहतात कुठे, शेवटचे कधी भेटलात? मुलाला सहा महिने पढवणाऱ्या आईला याच क्षणी नवऱ्याचा पत्ता आठवत नाही. तो मोबाइलमध्ये आहे, आणि मोबाइल आत नेऊ देत नाहीत. तेव्हा शेजारून ते मूल घराचा क्रमांक, रस्ता आणि पिन कोडसुद्धा खणखणीत आवाजात सांगून टाकते, कारण बाबांकडून मागवायच्या खेळण्यांसाठी तो त्याने केव्हाच पाठ केलेला असतो. एखादा कागद कमी पडला तर कलम २२१(जी) खाली एक चिठ्ठी हातात पडते. तिला कायद्याच्या भाषेत नकार म्हणत असले तरी बहुतेकदा मागितलेला कागद आणून देईपर्यंत थांबा, एवढाच तिचा मतलब असतो, आणि ती पाहून वांद्रे-कुर्ला संकुलाच्या फुटपाथवर रडायला बसण्याचे कारण नाही.

मंजूर झालेला व्हिसा साधारणतः वैद्यकीय तपासणीच्या मुदतीपुरता, म्हणजे सहा महिन्यांपर्यंत चालतो आणि तेवढ्यात प्रवास करावा लागतो. ज्यांच्या घरी अजून ना अर्ज आहे ना अमेरिकेत मामा, त्यांनाही एक विनंती आहे. जन्मदाखल्यावर बालकाचे नाव घालून घ्यायला नोंदणीपासून १५ वर्षांची मुदत असते, पहिल्या वर्षात तर त्याला शुल्कही पडत नाही. आपल्या मुलाचा दाखला कपाटातून आज काढून पाहावा, आणि तो रकाना कोरा असेल तर येत्या सोमवारीच नगरपालिकेत जाऊन यावे.