जाऊन येऊन चीन

मेलबर्न,
फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप अण्णा आणि आईस,


अण्णा, दिवाळीत फोनवर तुम्ही सहज म्हणालात, "तिकडून चीन जवळच पडत असेल. एकदा आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांच्या समाधीवर माझ्या नावाने फुलं वाहून या." एवढं बोलून तुम्ही झोपायला गेलात. आमच्या घरात मात्र तेव्हापासून कोणाला धड झोप नाही, कारण तुमच्या जावयांनी ते मनावर घेतलं.

आधी ते "जवळ" मिटवते. मेलबर्नहून ग्वांगझूला नऊ-साडेनऊ तास लागतात आणि बीजिंगला अकरा-बारा, म्हणजे आम्हाला दिल्ली गाठायला लागतात जवळजवळ तेवढेच. नकाशात ऑस्ट्रेलिया खाली आणि चीन त्याच्या डोक्यावर दिसतो म्हणून तुम्ही फसलात. पण तुमचा शब्द म्हणजे हुकूम. शिवाय जावयांना फुलं वाहण्यापेक्षा तिकिटाचा भाव पाडण्यात जास्त रस आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. कुठलीही वस्तू सांगितलेल्या किमतीला घ्यायची नाही, आपण फक्त दमायचं नाही, असा त्यांचा सिद्धांत. पुण्यात लक्ष्मी रोडवर तो चालायचा, कारण तिथे समोर माणूस असायचा आणि तो आपल्या आधी दमायचा. इथे समोर यंत्र आहे.

आणि हे यंत्र उफराट्या डोक्याचं आहे. सोलापुरात चादरी घ्यायला गेलं आणि "चार घेते" म्हटलं, की दुकानदार भाव उतरवतो. विमानात चार मागितल्या की भाव चढतो. कारण असं, की एकाच विमानातल्या, एकाच रांगेतल्या सीटसुद्धा एका भावाच्या नसतात. कंपनीने त्यांचे कप्पे पाडलेले असतात. सगळ्यात स्वस्त कप्प्यात समजा दोनच सीट उरल्या आणि तुम्ही चार मागितल्या, तर यंत्र दोन स्वस्त आणि दोन महाग असं देत नाही, चौघांनाही वरच्या कप्प्यात ढकलतं. हे आमच्या मोठीने शोधून काढलं. तिने आधी एक माणूस टाकून भाव पाहिला, मग दोन, मग चार, आणि बापाला आकडे दाखवले. त्या रात्री जावई मुलीकडे अशा नजरेने पाहत होते, जशी त्यांनी माझ्याकडे लग्नातही टाकली नव्हती.

मग पुढचा पेच. दोन तिकिटं स्वस्त आणि दोन महाग अशी वेगळी काढायची, तर स्वस्तात कोणी जायचं? सासूबाई म्हणाल्या, "मुलं स्वस्तात जातील, मोठी माणसं महागात." पण मुलांचं तिकीट एकट्याने निघत नाही, सोबत मोठं माणूस लागतं. मग कोण कोणाबरोबर यावर घरात बराच खल झाला. धाकट्याने जाहीर केलं, की तो महागातल्या पालकाबरोबर बसणार, कारण तिकडे जेवण चांगलं मिळत असेल. जेवण एकच असतं, हे त्याला सांगून आम्ही थकलो.

मोठीचं आणखी एक दुखणं आहे. मार्चमध्ये तिला बारा पूर्ण होतात, आणि बालभाडं अकरा वर्षांपर्यंतच. त्यात ऑस्ट्रेलिया सोडून जाणाऱ्याकडून इथलं सरकार ७० डॉलर कर घेतं. जुलै २०२४ च्या आधी ६० होता. तोही बारा वर्षांखालच्यांना माफ. हा कर तिकिटातच धरलेला असतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. सासूबाईंच्या आला. "घ्यायचाच तर येणाऱ्याकडून घ्यावा. जाणाऱ्याला कशाला अडवायचं?" म्हणाल्या. नंतर मोठीला जवळ घेऊन, "वाढदिवस जरा पुढे नाही का गं ढकलता येणार?"

खरी अक्कल आम्हाला दिली शेजारच्या काकूंनी. त्या मूळच्या चेंगडूच्या, गेली कित्येक वर्षं इथे आहेत, आणि दर वर्षी माहेरी जाऊन येतात. त्यांनी चहा पाजला (बिनदुधाचा, आई, पण सवय होते) आणि विचारलं, "तुम्ही स्वतःच्या सुट्ट्या बघून तिकीट शोधता का?" आम्ही म्हटलं, हो, दुसऱ्या कोणाच्या बघायच्या? त्या खूप वेळ हसल्या.

मेलबर्न आणि सिडनीच्या विद्यापीठांत चिनी विद्यार्थी प्रचंड आहेत. फेब्रुवारीच्या शेवटाला वर्ग सुरू होतात, तेव्हा तिकडून इकडे येणारी विमानं गच्च असतात आणि इकडून तिकडे जाणारी बरीच रिकामी. जूनमध्ये परीक्षा संपल्या की उलट. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वर्ष संपलं की पुन्हा तेच. त्यावर त्यांचं नववर्ष. त्या दिवसांत अख्खा चीन आपापल्या गावी निघतो, आणि परदेशी असलेलेही निघतात. तिसरा अडथळा १ ऑक्टोबरचा, त्यांच्या राष्ट्रीय दिनाच्या आठवडाभर सुट्टीचा. आमच्या व्हिक्टोरियातल्या शाळांना सप्टेंबरअखेर दोन आठवडे सुट्टी असते, म्हणजे आम्ही परतायला आणि त्यांनी फिरायला निघायला एकच गाठ. जून-जुलैच्या सुट्टीत जावं, तर आम्ही आणि ते विद्यार्थी एकाच दाराशी. थोडक्यात, आपण जायचं ते बाकीचे येत असताना, आणि परतायचं ते बाकीचे जात असताना. जावयांना हे इतकं पटलं, की त्यांनी चिनी पंचांग उतरवून स्वयंपाकघरात, कालनिर्णयच्या शेजारी लावलं.

आता आमच्याकडे कुठल्याही तारखेवर दोन पंचांगांची संमती लागते. जावयांना सगळ्यात स्वस्त भाव सापडला तो ऐन चिनी नववर्षाच्या दिवशीचा, १७ फेब्रुवारीचा. ज्यांना घरी पोचायचं ते आदल्या दिवसापर्यंत पोचलेले असतात, आणि त्या दिवशी विमानात बसायला कोणी तयार नसतं. ते आनंदाने ओरडतच आले. सासूबाईंनी कालनिर्णय पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "अमावास्या आहे." चिनी वर्ष सुरूच होतं अमावास्येला, त्याला त्या तरी काय करणार? शिवाय मुलांच्या शाळा सुरू आहेत, हे मी सांगितलं, पण माझ्या मुद्द्याला अमावास्येइतकं वजन मिळालं नाही.

तिकिटं तशी आहेत बरं का भरपूर. क्वांटासने २०२४ च्या जुलैत सिडनी ते शांघाय बंद केलं, सीट रिकाम्या राहतात म्हणून. त्यानंतर थेट उडतात त्या बहुतेक सगळ्या चिनी कंपन्याच. ग्वांगझूला चायना सदर्न, शांघायला चायना ईस्टर्न, बीजिंगला एअर चायना, शिवाय आणखीही. आपसात चढाओढ असल्याने भाव बरे आहेत. याहून खाली उतरायचं तर सिंगापूरमार्गे स्कूट किंवा क्वालालंपूरमार्गे एअरएशिया. जावई आठवडाभर त्या वाटेने गेले. दिसायला आकडा लोभस, पण बॅगेचे पैसे वेगळे, जेवणाचे वेगळे, शेजारी बसायचे वेगळे, कार्ड वापरायचे वेगळे. सगळं मिळवून थेट विमानाच्या आसपासच जातं, वर मधल्या विमानतळावर रात्रभर बसायचं. जावई म्हणाले, "बसू की, गप्पा मारू." आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, रात्रभर गप्पा मारण्यासारखं काही शिल्लक असेल असं मला वाटत नाही. मी नाही म्हटलं.

एका रात्री त्यांना शांघायचं तिकीट सापडलं, इतकं स्वस्त की मलाही क्षणभर मोह झाला. मग नीट पाहिलं तर उतरायचं पुडोंगला, आणि पुढचं विमान हाँगछाओहून. शांघायचे हे दोन विमानतळ शहराच्या दोन टोकांना आहेत. बॅगा आपणच घ्यायच्या, शहर पार करायचं, पुन्हा रांगेत उभं राहायचं. बीजिंगलाही तेच, जुना कॅपिटल ईशान्येला, २०१९ चा दाशिंग दक्षिणेला. गावाचं नाव एक दिसलं म्हणून खूश व्हायचं नाही, हे मी आता कोणालाही शिकवू शकते.

आता व्हिसा. आमच्या घरात पासपोर्टाचे दोन पंथ आहेत, हे तुम्हाला माहीतच आहे. मी आणि मुलं ऑस्ट्रेलियाची. जुलै २०२४ पासून आम्हाला चीनला व्हिसा लागत नाही, आधी १५ दिवस होते, मग ३० केले. जावयांनी मात्र भारताचा पासपोर्ट सोडला नाही. त्यांना व्हिसा लागतो. त्याच्या फोटोचं मापही त्यांचं स्वतःचं, ३३ बाय ४८ मिलिमीटर. घरात असलेले सगळे फोटो त्यात बसेनात. धाकट्याने विचारलं, "बाबा देशभक्त आहेत की आळशी?" मी उत्तर दिलं नाही. तुम्ही फोनवर द्या.

अण्णा, पण तुमच्या या हट्टाचं सार्थक मार्ग ठरवताना झालं, आणि ते रेल्वेने झालं. तुम्ही सोलापूर विभागात आयुष्य घालवलंत, म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहिते. कोटणीसांची समाधी आहे शिजियाझुआंगला, बीजिंगच्या नैऋत्येला. आमचं स्वस्त विमान उतरतं थेट दक्षिणेला, ग्वांगझूला. मी म्हटलं झालं, आता आणखी एक विमान. पण बीजिंग-ग्वांगझू ही जलद रेल्वे २०१२ च्या डिसेंबरात पूर्ण झाली, २२९८ किलोमीटर, आणि ती शिजियाझुआंगवरूनच जाते! ग्वांगझू साउथला बसायचं आणि साधारण सात-आठ तासांत, दोन हजार किलोमीटर मागे टाकून, समाधीच्या गावी उतरायचं. आपली सोलापूर-मुंबई वंदे भारत ४५५ किलोमीटरला साडेसहा तास घेते. तुम्ही म्हणाल, घाट आहे. मान्य. पण घाट काढूनही हिशेब करून बघा. चिनी गाडीचं आरक्षण १५ दिवस आधी उघडतं, तेव्हा तुमच्यासारखाच पहाटे उठून बसणारा माणूस आता आमच्या घरातही असेल.

मग जाण्याचं ग्वांगझूचं आणि परतीचं बीजिंगहून, असं तिकीट शोधलं. एकाच गावी परतायचं नसेल तर दुप्पट पडेल अशी जावयांची खात्री होती. नाही पडत. एकाच कंपनीचं एकत्र घेतलं तर थोडाच फरक, आणि उलट दक्षिणेला यायचं रेल्वेभाडं वाचतं. दोन एकेरी तिकिटं घेतली असती तर मात्र कंबरडं मोडलं असतं.

तारखेवर थोडा वाद झाला. आमची सुट्टी ३ एप्रिलपासून, आणि ५ एप्रिलला त्यांचा छिंगमिंग. त्या दिवशी चिनी लोक पूर्वजांची थडगी साफ करून फुलं वाहतात, म्हणजे फुलं वाहायला वर्षातला योग्य दिवस तोच. आणि गाड्यांना गर्दीही तेव्हाच. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही ५ तारीखच सांगितली असती, म्हणून विचारलं नाही. ७ एप्रिल, मंगळवारचं निघायचं ठरलंय. १५ पासून ग्वांगझूला मोठा व्यापारमेळा भरतो, हॉटेलं परवडत नाहीत, तोवर आम्ही उत्तरेला असू.

सासूबाई मार्चअखेर सांगलीला जातायत, पण कोटणीसांचं नाव निघाल्यापासून त्यांना हळहळ वाटतेय. व्ही. शांताराम यांचा कोटणीसांवरचा १९४६ चा तो चित्रपट त्यांनी लहानपणी कधीतरी पाहिला होता. परवा मुलांना गोष्ट सांगत होत्या. सोलापूरचा मुलगा १९३८ ला मुंबईहून बोटीने चीनला गेला, तिथल्या जखमी सैनिकांना वाचवलं, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, आणि १९४२ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी गेला. धाकट्याने विचारलं, "परतीचं तिकीट नव्हतं का काढलं?" सगळे गप्प झाले. जावईसुद्धा, आणि त्यांनी त्या दिवशी संगणक उघडला नाही.

आई, तुझा मुद्दा मी विसरले नाही. "एवढं लांब येताच आहात, तर पुढे इकडे या." गेल्या ऑक्टोबरपासून कोलकात्याहून ग्वांगझूला पुन्हा विमान सुरू झालंय, पाच वर्षांनी. पण तिथून हावडा-सोलापूर करायचं तर मुलांची सुट्टी नागपूरलाच संपेल. आणि परतीचं तिकीट वापरलं नाही तर पैसे बुडतात. दिवाळीत नक्की येतो.

एक काम आहे. जेवणाचं ठरवताना "हिंदू जेवण" असा पर्याय दिसला म्हणून जावई टिचकी मारणार होते. मी थांबवलं, त्यात मटण असू शकतं, गोमांस तेवढं नसतं म्हणून ते शाकाहारी होत नाही. शाकाहारी वेगळं मागावं लागतं. ते मागितलंय, पण पुढे रेल्वेत आणि गावात काय मिळेल याचा भरवसा नाही. वहिनीला सांग, इकडे येणाऱ्या कोणाबरोबर तरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठव, दुकानातली सीलबंद, नावाची चिठ्ठी असलेली. इथल्या विमानतळावर सगळं जाहीर करावं लागतं, आणि घरगुती पुडीकडे ते लोक फार संशयाने पाहतात.

दादाला आशीर्वाद मागितला म्हणून सांग, भाचरांना गोड पापे. पत्राचं उत्तर पत्रानेच द्या, अण्णा, फोनवर तुम्ही भाव विचारता.

तुमची,
मेलबर्नची

ता. क. तिकिटं काल रात्री काढली. आज सकाळी जावई पुन्हा तेच पान उघडून बसले होते. विचारलं तर म्हणाले, "फक्त बघतोय." भाव वाढला असेल तर दिवसभर खूश असतात, उतरला असेल तर जेवत नाहीत. त्यांचा व्हिसा अजून यायचाय.