हुंगणारे दाजी

गावचीच मुलगी केली, गावातच खत-बियाण्यांचं दुकान टाकलं. तेव्हापासून चारठाण्यात लहानथोर सगळे त्यांना दाजीच म्हणतात. परवापरवापर्यंत दाजी चारचौघांसारखेच प्यायचे. जिंतूर-जालना रस्त्यावरचा ढाबा, एक क्वार्टर, सोडा आणि वर कांदा-लिंबू मारलेले शेंगदाणे. मग लंडनला आयटीत असलेला मेहुण्याचा पोरगा सुट्टीला आला आणि येताना सिंगल माल्टची बाटली घेऊन आला. त्या दिवसापासून दाजी पीत नाहीत. ‘टेस्टिंग’ करतात.

असा एक इसम आता प्रत्येक तालुक्याला निघालाय. ओळखायला सोपा आहे. ग्लास तोंडाला लावायच्या आधी तो नाकाला लावतो, आणि नाकाला लावून झाला की आपल्याकडं कोण बघतंय ते बघतो.

संक्रांतीच्या सुमाराला आखाड्यावर हुरड्याचा बेत होता. आगटी पेटलेली, गोवऱ्यांचा निखारा फुललेला, कणसं चोळणाऱ्याचे हात काळेभोर. दाजींनी पिशवीतून एक पायमोजा काढला, पायमोज्यातून पोट फुगलेला, गळ्याशी निमुळता ग्लास काढला आणि शर्टाच्या खिशातून डोळ्यांत औषध घालायचा ड्रॉपर. बाकीच्यांना स्टीलचे पेले. बाटली होती स्पेबर्नची, ‘ब्रॅडन ओराख’. तिकडच्या सिंगल माल्टांत ही खालच्या पायरीवरची, खिशाला परवडणारी; पण ते दाजींनी सांगितलं नाही, पोरगा बोलून गेला.

फवारणीच्या औषधांवरची बारीक अक्षरं वाचण्यात दाजींची हयात गेलेली. त्यामुळं लेबल पाठ, आणि लेबलावर नसलेलं फोनवरून पाठ. एकाच डिस्टिलरीची, फक्त मोड आणलेल्या बार्लीची, तांब्याच्या भट्टीत काढलेली, ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली, ४० टक्क्यांची.

“पण दाजी, बाटलीवर वय कुठंय?”

“टाकलेलं नाही.”

“स्थळाच्या बायोडाट्यात जन्मतारीख गाळली की आपण काय समजतो?”

दाजी जरा चिडले. वय लिहायचंच तर बाटलीतल्या सगळ्यात कोवळ्या दारूचं लिहावं लागतं, असा तिथला कायदा, म्हणून हल्ली बरेच जण लिहितच नाहीत, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. तात्पर्य एवढंच निघालं की व्हिस्कीला ३ वर्षं पुरतात आणि महाराष्ट्रात ती पिणाऱ्याला २५ पुरी लागतात. दाजींकडं आजीव परवाना आहे, लॅमिनेट केलेला. तो त्यांनी न विचारता दाखवला.

मग इतिहास. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला ६० वर्षं झाली ते साल १८९७. त्या सालाचा शिक्का पिंपावर बसलाच पाहिजे म्हणून स्पेबर्नच्या मालकानं डिसेंबरात, इमारतीला दारं-खिडक्या बसायच्या आत, बर्फाच्या वादळात भट्टी पेटवली. कामगार अंगात ओव्हरकोट घालून राबले. “त्याच सोहळ्याच्या रात्री पुण्यात चापेकरांनी रँडला गोळी घातली होती,” शाळेतले गुरुजी पेला पुढं करत म्हणाले. “आन् आपल्याकडं तव्हा निजाम,” आबा म्हणाले. “दाजी, नुसतं हुंगायलात की पिऊ बी देणार?”

दाजींनी प्रत्येकाला झाकणभर दिली आणि ड्रॉपरनं दोन-दोन थेंब पाणी सोडलं. पाण्यानं वास मोकळा होतो म्हणे. होतोही. दाजींना त्यात नाशपाती सापडली, मध सापडला, व्हॅनिला सापडला. नाशपाती त्यांनी शेवटची कधी खाल्ली होती, देव जाणे. आबांनी पेला नाकाशी धरला आणि म्हणाले, “भिजवलेली पेंड.” सगळे हसले, पण माझ्या मते आखाड्यावर एकच नाक खरं बोललं. कोवळ्या माल्टला ओल्या धान्याचा वास असतो; पिंपात आणखी काही वर्षं काढली की तो मागं पडतो. आबांनी जन्मभर म्हशींना आंबोण कालवून घातलंय, त्यांना फोनची गरज पडली नाही.

दाजींनी दुसरा घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले. “मागून धूर येतोय बघा. पीट! दलदलीतली वाळवलेली माती जाळून तिच्या धुरावर बार्ली सुकवतात.”

पोरगा हळूच म्हणाला, “मामा, ही पीटवाली नाही. हिच्यात धूर नसतो.”

वारा फिरला होता. आगटी दाजींच्या थेट पाठीमागं होती.

पण दाजी हार मानणारे नव्हेत. विषय आयात शुल्कावर नेला. त्यावर ते सोयाबीनच्या भावापेक्षा जास्त पोटतिडकीनं बोलतात. इतकी वर्षं १५० टक्के; २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी करारावर सह्या झाल्या, त्यानुसार आधी ७५ आणि दहा वर्षांनी ४०. दहा वर्षं म्हणजे फार झाली, म्हणून त्यांनी दुसरा बेत मांडला. बंगळूरच्या अमृतनं २००४ मध्ये थेट ग्लासगोत जाऊन आपला माल्ट विकला, नाशिकजवळ दिंडोरीला सिंगल माल्ट होते, मग चारठाण्यानं काय घोडं मारलंय? ज्वारी घरची. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘परभणी शक्ती’ वाणात तर लोह आणि जस्त जास्त, म्हणजे डॉक्टरही नको म्हणणार नाही. ज्वारीची केली तर तिला सिंगल माल्ट स्कॉच म्हणता येत नाही, हा आक्षेप त्यांनी हातानंच उडवून लावला.

अडचण उन्हाची. स्कॉटलंडात पिंपातली वर्षाला साधारण २ टक्के हवेत उडते. तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्याकडं त्याच्या कितीतरी पट उडते. परभणीच्या मे महिन्यात तर देवदूत पिंपच उचलून नेतील. त्यात चारठाण्यात यादवांच्या काळापासूनचे देव पावलापावलावर. त्यांचा वाटा वेगळा. दाजींच्या मते गोकुळेश्वराच्या बारवेत पायऱ्या उतरून गेलं की भर उन्हाळ्यातही गारवा असतो, पण देवाच्या दारात दारूचं पिंप ठेवायला गुरुजींनी ठाम नकार दिला. शेवटी आखाड्यावरच तळघर खणायचं ठरलं.

“पण तीन वर्षं राखण कोण करील?” दाजींनी विचारलं.

कणसं चोळणाऱ्याच्या काळ्या हातांसकट सगळ्यांचे हात वर गेले.