उशिरा सुचलेली अहिंसा

पत्रादेवी गोव्याच्या पेडणे तालुक्यातली. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीच्या सीमेवर पोर्तुगालच्या सालाझारच्या शिपायांनी गोवामुक्तीसाठी आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. आता लोकशाहीचे गोरे कैवारी खवळतील, असं कुणा भाबड्याला वाटलंही असेल. उलट त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज मंत्र्यासोबत पत्रक काढून गोव्याला चक्क पोर्तुगालचा प्रांत ठरवलं. सालाझार हुकूमशहा खरा, पण नाटोतला. म्हणजे घरचाच की! दिल्लीने तर सत्याग्रहच थांबवला. पुढे डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं, आणि सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स यांना एकाएकी अहिंसेचा उमाळा आला. सोव्हिएत नकाराधिकाराने भारताविरुद्धचा त्यांचा ठराव बुडवला. पेडण्यात कुणी त्याचं सुतक पाळल्याचं ऐकिवात नाही.