ब संघाबरोबर पुणे दर्शन

पुणे दर्शनाच्या बसमध्ये बसलं की शनिवारवाडा, आगाखान पॅलेस आणि केळकर संग्रहालय एका दिवसात उरकतात, आणि पुणं पाहिल्याच्या समाधानात पाहुणे संध्याकाळी बाकरवडीच्या रांगेत उभे राहायला मोकळे होतात. माझं म्हणणं असं, की हे शहर आणि त्याच्या भोवतालचा मुलूख खरोखर पाहायचा असेल तर एखाद्या क्रिकेट क्लबाच्या ब संघात नाव घालावं. अ संघात नव्हे. अ संघाला मैदान मिळतं, ब संघाला पत्ता मिळतो. शहरातली मैदानं मोजकी, त्यांच्यावर पहिला हक्क खेळता येणाऱ्यांचा. उरलेल्यांनी रविवारी उजाडताच किट बॅग दुचाकीवर आडवी टाकायची आणि धायरी, वाघोली, नाहीतर थेट मुळशी-मावळ गाठायचं. पत्ता नेहमी ‘कुणालाही विचारा’ असा असतो आणि रविवारी सकाळी सहा वाजता रस्त्यात विचारायला कुणीही नसतं. वाटेत सिंहगड दिसतो, टीव्हीच्या मनोऱ्यासकट. स्थलदर्शन संपलं.

मुळशी-मावळात भात निघालं की खाचरं मोकळी होतात आणि पाऊस येईपर्यंत त्यांना मैदान म्हणतात. बांध मात्र जागचे हलत नाहीत, त्यामुळे कव्हरचा क्षेत्ररक्षक एका खाचरात आणि सीमारेषेवरचा त्याच्या हातभर खाली. चेंडू जमिनीलगत मारावा, हे प्रशिक्षकांचं शास्त्र पहिल्याच धसकटापाशी संपतं. सीमारेषा फक्कीची असते, वारा सुटेपर्यंत. मांडवात माईक असतो आणि माईकवर समालोचक. त्याला पाहुण्या संघातलं एकही नाव ठाऊक नसतं, म्हणून तो ‘निळ्या टोपीवाला’ आणि ‘चष्मेवाला’ अशी पात्रं उभी करतो, आणि चेंडू हवेत असतानाच चषकाच्या देणगीदारांचे आभार मानून घेतो. पंच फलंदाजी करणाऱ्या संघाचेच. दोन्ही बाजूंना पक्षपाताची समान संधी देणारी याहून न्याय्य व्यवस्था मला तरी सुचत नाही. माझ्यासारख्याची क्षेत्ररक्षणाची जागाही ठरलेली असते: जिकडे चेंडू जाणारच नाही अशी कर्णधाराची खात्री, तिकडे. निसर्ग पाहायला इतकी निवांत जागा कुठल्याच पर्यटन खात्याने राखून ठेवलेली नाही.

यावर कट्ट्यावरचे जाणकार म्हणतात, ‘ही सहल झाली. हे काही क्रिकेट नव्हे.’ त्यांना मी १९४८ सालचा डिसेंबर दाखवतो. पुण्यात रणजी करंडकाचा सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. यात लिंबूटिंबू कुणी नाही, सगळे अस्सल प्रथम श्रेणीचे खेळाडू. काठियावाड २३८ धावांत आटोपलं. मग भाऊसाहेब निंबाळकर आणि कमल भांडारकर यांनी दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावा जोडल्या. भांडारकर २०५ वर बाद झाले, निंबाळकर काही होईनात. तिसऱ्या दिवशीच्या मधल्या सुट्टीत महाराष्ट्र ४ बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३, आणि ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विश्वविक्रम नऊ धावांवर. दोन चौकार आणि एक चोरटी धाव, की बरोबरी! काठियावाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. असला विक्रम आपल्याविरुद्ध व्हावा ही नामुष्की त्यांना नको होती. त्यांनी सांगितलं, की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो. महाराष्ट्राने डाव सोडला नाही, तेव्हा काठियावाडने मैदान सोडलं. विक्रम राहिला, सामना महाराष्ट्राला मिळाला, आणि गल्लीत हरायला लागल्यावर बॅटचा मालक बॅट काखेत मारून घरी जातो त्या थाटात एक अख्खा प्रथम श्रेणीचा संघ चालता झाला. मुळशीच्या खाचरात असं काही घडलं असतं तर जाणकारांनी नाक मुरडलं असतं. रणजीत घडलं म्हणून त्याला इतिहास म्हणतात.

ठाकोरसाहेबांची बाजू मांडणारा मात्र कुणी भेटत नाही, म्हणून ती मीच मांडतो. निंबाळकर आठ तासांहून जास्त वेळ खेळपट्टीवर होते आणि त्यांनी ४९ चौकार मारले. चौकार मारणारा जागेवर उभा असतो. तो चेंडू आणायला कुणीतरी जातो, आणि ४९ वेळा जातो. इतिहासात त्या ‘कुणीतरी’ची नोंद नसते. सीमारेषेवरच्या माणसाच्या दृष्टीने पाहिलं तर काठियावाडचा निर्णय अगदी माणुसकीचा होता. ब संघाने फक्त एक गोष्ट वेगळी केली असती: निघायचंच तर जेवण उरकून निघाला असता. कुणी म्हणेल, यात खिलाडूवृत्ती कुठे राहिली? नाहीच राहिली. पण माझा दावा ब संघ सज्जन असतो असा नाहीच मुळी. मोठं क्रिकेट नि हे क्रिकेट यांच्यातली भिंत लोक समजतात तेवढी जाड नाही, एवढंच माझं म्हणणं. दोन्हीकडे माणसं सारखीच रुसतात.

राग येतो तो निराळ्याच गोष्टीचा. त्या ४४३ पेक्षा मोठी खेळी प्रथम श्रेणीत आजवर एकाही भारतीयाने केलेली नाही, आणि निंबाळकरांना एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही. २०१२ साली त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ते गेले. काठियावाडने नऊ धावा अडवल्या म्हणून आपण हसतो. निवड करणाऱ्यांनी जे अडवलं त्याला कुणी हसत नाही. बाळू पालवणकरांची गोष्ट तर त्याहून जुनी. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात त्यांनी खेळपट्टीची देखभाल केली आणि नेटमध्ये साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी केली. फलंदाजीला मात्र त्यांना कुणी उभं केलं नाही. पुढे इथल्या हिंदूंच्या संघाने त्यांना घेतलं, कारण बळी हवे होते. चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. ते दलित होते, एवढंच कारण. हेच बाळू १९११ साली भारतीय संघातून इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले. ब संघाला दिवसभर एक पाण्याचा जार आणि एकच स्टीलचा पेला पुरतो. आरोग्याच्या दृष्टीने ते गलिच्छच आहे. पण पुण्याच्या मैदानांवर तो पेला हातोहात फिरताना पाहिला की मला स्वच्छतेचा मुद्दा काढवत नाही.

दुसरा आक्षेप वयाचा. ब संघ म्हणजे सुटलेली पोटं, कुरकुरणारे गुडघे आणि धाव घेण्याआधी भरलेली विचारसभा, हे खरंच. पण एसपी कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या प्रा. दि. ब. देवधरांनी १९४४ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतकं ठोकली. देवधर अ संघातले होते असं कुणी म्हणेल. कबूल. हा पुरावा वयापुरताच घ्यावा, पोटापुरता नव्हे. तिसरा आक्षेप असा, की खाचरातली खेळपट्टी वाईट, त्यामुळे तिथे संघ पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळतात. त्यासाठी द्रुतगती मार्गाने गहुंज्याला जावं. स्टेडियम देखणं आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथे भारताचा पहिला डाव १०५ धावांत संपला, शेवटचे सात गडी अवघ्या ११ धावांत. दुसऱ्या डावात १०७. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने प्रत्येक डावात ३५ धावा देऊन सहा बळी घेतले, कसोटी तीन दिवसांत आटोपली, आणि सामनाधिकाऱ्यांनी खेळपट्टीला ‘खराब’ असा शेरा दिला. तिथे एकही धसकट नव्हतं.

मुख्य आक्षेप मात्र उरतोच: ब संघ जिंकत नाही. त्यासाठी स्वारगेटला यावं. सारसबागेजवळच्या नेहरू स्टेडियमवर २९ फेब्रुवारी १९९६ रोजी विश्वचषकात वेस्ट इंडीजची गाठ केनियाशी पडली. केनियाचे बहुतेक खेळाडू नोकरी-धंदा सांभाळून खेळणारे, म्हणजे आमच्याच जातकुळीचे. त्यांनी १६६ धावा केल्या, आणि त्यांच्या डावातला सर्वात यशस्वी फलंदाज होता अवांतर, ३७ धावांवर. ब संघाच्या वहीत याहून ओळखीचा आकडा सापडणार नाही. यष्टिरक्षक तारिक इक्बाल अंगाने भरलेला, चष्मेवाला. मावळातल्या समालोचकाने त्याला पहिल्या चेंडूलाच नाव दिलं असतं. ब्रायन लाराच्या बॅटची कड घेऊन चेंडू त्याच्याकडे गेला आणि ग्लोव्हजमध्ये राहिला. लारा ८, वेस्ट इंडीज सर्वबाद ९३, केनिया ७३ धावांनी विजयी.

योगायोग, असं जाणकार म्हणतील, आणि त्यांच्याकडे भक्कम पुरावा आहे. त्या विश्वचषकात केनियाने बाकीचे सगळे सामने गमावले. पुण्याचा विजय साजरा करून आठवडाही झाला नव्हता, तोच श्रीलंकेने कँडीला त्यांच्याविरुद्ध ५ बाद ३९८ धावा कुटल्या आणि सामना १४४ धावांनी जिंकला. यावर माझ्याकडे क्रिकेटचं उत्तर नाही. पण कँडीला तळं आहे, बुद्धाच्या दाताचं मंदिर आहे, आणि पन्नास षटकं चेंडू आणायला सीमारेषेकडे पळणाऱ्या माणसाला भोवतालचे डोंगर फार छान दिसतात.