बायपासनंतरची मांड

डॉक्टरांच्या बंदीच्या यादीत घोडा नव्हता. तूप होतं, मीठ होतं, मोटारसायकल होती, भरलेली बादली होती; घोड्याचं नाव कुठेच नाही. हे मी विजयी मुद्रेनं घरी जाहीर केलं, तर बायको म्हणाली, "वाघही नाही यादीत. पाळताय का?"

बायपास सुरतेत झाली. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये आणि पुन्हा 1670 मध्ये सुरत लुटली. त्याचा सगळा हिशेब सुरतेनं व्याजासकट माझ्याकडून वसूल केला. महाराज घोड्यावरून परतले, मी आडवा. छातीचं हाड मधोमध करवतीनं कापतात, काम झालं की पोलादी तारेनं आवळतात, आणि ती तार जन्मभर आतच राहते. हाड सांधायला दोन-तीन महिने. तोवर जोर लावायचा नाही, खोकायचं तरी उशी छातीशी धरून. आमच्या घराण्यात ढाल-तलवार होती म्हणतात. माझ्या वाट्याला उशी आली.

हे सगळं मी सोसलं. सोसवले नाहीत ते भेटायला येणारे. शहाळं माझ्या पायाशी ठेवून बायकोला विचारायचे, "जेवतात का? झोप लागते का? फार चिडतात का?" अहो, मी समोर बसलोय! कालपर्यंत ज्यांनी ऊसतोडीपासून सोयरिकीपर्यंत माझा सल्ला घेतला, ते आता माझ्या डोक्यावरून माझीच चौकशी करत होते. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री वाटली नव्हती एवढी भीती मला या प्रश्नांनी वाटली.

त्यात एका आप्तानं परस्पर एक व्यापारी आणला. "घोडी आता कशाला? सारंगखेड्याला काढून टाकू." व्यापाऱ्यानं तिचे ओठ वर करून दात पाहिले, वय ताडलं, आणि जाता जाता एक नजर माझ्यावरही टाकली.

त्या नजरेनं मला कामाला लावलं. पलंगावर पडल्या पडल्या मी स्वतःला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात उभं केलं. दत्तजयंतीचे दिवस, तापीकाठची धूळ, आणि मी खुंट्याला बांधलेला. तिथले जाणते घोडा पाहत नाहीत, त्याची कुंडली वाचतात. गळ्यावर देवमण भोवरा असला की मालकाची मान ताठ. चारही पाय आणि तोंड पांढरं, म्हणजे पंचकल्याणी. भाव विचारायचं धाडस होत नाही. डोळ्याखाली भोवरा असला की आसूढाळ, मालकाला रडवणारा. गिऱ्हाईक पुढच्या खुंट्याकडे. मारवाडी असेल तर कानांची टोकं एकमेकांना टेकतात का ते बघायचं. मग रुमालाखाली हात घालून बोटांनी सौदा. माझ्यात काय निघालं असतं? रंग मिश्र, दात निम्मे दवाखान्याचे. गळ्यावर देवमण नाही, पण गळ्यापासून पोटापर्यंत सरळ वळ. शीर काढली म्हणून पोटरीवर दुसरा. असं चिन्ह कुठल्याच जाणत्यानं पाहिलेलं नाही. शुभ म्हणावं तर बिल आठवतं, अशुभ म्हणावं तर जिवंत आहे. रुमालाखाली माझ्यासाठी कुणी एक बोट तरी दाबलं असतं का? बायकोला विचारलं. ती म्हणाली, "चारा किती खातो ते आधी विचारतील."

हाड सांधलं, डॉक्टरांनी मान डोलावली. मी बायकोला निक स्केल्टनची गोष्ट ऐकवली. इंग्रज घोडेस्वार, 2000 साली मान मोडली, निवृत्त झाला, परतला, पुढे खुबाही बदलला, आणि 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये 58 व्या वर्षी सुवर्णपदक. "त्याला पदक मिळालं," ती म्हणाली. "तुम्हाला काय मिळणार?"

खरं उत्तर होतं, लोकांच्या माना. घोड्यावरच्या माणसाशी बोलायचं तर वर बघावं लागतं. पण हे कसं सांगायचं? मी व्यायामाचं कारण सांगितलं.

गोठ्यात गेलो तेव्हा घोडी खरारा केलेली, चकचकीत. गडी म्हणाला, "काकू रोज करस." चंदी-चाऱ्याच्या खर्चावरून मला वर्षानुवर्षं बोलणारी ही बाई. मी वळून पाहिलं तर ती तंग ओढून बघत होती, दोनदा. दवाखान्याच्या बाकावर माझे कपडे पिशवीत घेऊन ती बसून होती, तेव्हा काय करत होतीस असं मी कधी विचारलं नव्हतं. आताही विचारवलं नाही.

हातानं अंग उचलायचं नाही, म्हणून पपईची दोन कॅरेट उलटी ठेवली. डोक्याला फेटा, डोळ्यांवर काळा चष्मा. एवढ्या थाटात कॅरेटवरून चढणं कसं दिसलं ते गड्याला विचारू नका, तो अजून सांगत फिरतो. दुडकी मना होती, हादरा बसतो. पण आमच्या घोडीची चाल रेवाल, स्वाराच्या हातातला पेला डचमळू नये अशी. रस्त्याला लागलो. एका पोरानं विचारलं, "आजोबा, वरात कुणाची?" मी ऐकलं नाही.

बायको स्कूटीवरून मागे, घोडीच्या वेगानं. वळणावर एक जुने स्नेही थांबले आणि सवयीनं तिलाच म्हणाले, "झेपतं का त्यांना?"

"त्यांनाच विचारा की," ती म्हणाली. "वर बसलेत."