बेलम गुहा पाहण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

आंध्र प्रदेशात नंद्याल जिल्ह्यात कोलिमिगुंडलाजवळ बेलमच्या गुहा आहेत. मोजलेली लांबी ३,२२९ मीटर, पैकी साधारण दीड किलोमीटर पर्यटकांसाठी खुली. निसर्गाने लाखो वर्षं खपून केलेलं हे काम आपल्याला तासाभरात उरकायचं आहे. त्यासाठी पुढील सूचना.

१. प्रथमदर्शन : वर नुसतं सपाट माळरान दिसतं आणि जमिनीत विहिरीसारखे खड्डे. त्यातल्याच एकातून खाली उतरायचं असतं. पायऱ्यांपाशी थांबून, मागच्यांना ऐकू जाईल असं ‘एवढंच?’ म्हणावं. तिकिटाचे पैसे तिथूनच वसूल व्हायला लागतात.

२. पोशाख : गुहा म्हणजे गारवा, हे गृहीत धरून स्वेटर घालावा. आत दमट उकाडा असतो आणि बाहेरची हवा नळांवाटे सोडावी लागते. अशा नळाखाली सहकुटुंब ठाण मांडावं. पाठीमागची रांग हा व्यवस्थापनाचा प्रश्न आहे.

३. प्रश्नोत्तरे : गाइडला ‘कुठल्या राजाने खोदली?’ असं अवश्य विचारावं. आपण बेसॉल्टच्या मुलखातले. अजिंठा-वेरूळला माणसाने छिन्नी चालवली तेव्हा कुठे आत जायला जागा झाली. इथे चुनखडी आहे आणि ती पाण्याने पोखरली, हे उत्तर ऐकून घ्यावं. मग ‘पण सुरुवात कोणी केली असेल?’ असं विचारावं.

४. आकार ओळखणे : छतातून लोंबणारा तो अधोमुखी लवणस्तंभ आणि जमिनीतून वर येणारा ऊर्ध्वमुखी, हे भूगोलात दोन मार्कांना होतं. सहलीला मार्क नसतात. तेव्हा दिसेल त्या दगडात गणपती शोधावा. सिंहद्वार, कोटिलिंगालू अशी नावं आधीच पडलेली असली तरी नाउमेद होऊ नये. सोंड उजवी की डावी यावर मतभेद झाल्यास मोबाइलचा टॉर्च लावून निकाल द्यावा.

५. संगीत : सप्तस्वरांच्या दालनात काही लवणस्तंभ ठोकले की धातूसारखे वाजतात. ही माहिती मिळताच गुहेतला प्रत्येक स्तंभ वाजवून पाहावा. वाजला नाही तर आणखी जोरात.

६. स्पर्श : ही सर्वांत महत्त्वाची पायरी. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि झिरपताना चुनखडी विरघळवतं. आत थेंब लोंबतो, वायू उडून जातो, कॅल्साइटचा बारीकसा थर मागे राहतो. थरावर थर चढत स्तंभ वाढतो तो बहुधा हजार वर्षांत दहाएक सेंटीमीटर. तेलकट बोट टेकवलं की तिथे पुढचा थर नीट धरत नाही. म्हणून आत येण्यापूर्वी वेफर्सचं पाकीट संपवावं आणि हात पुसू नयेत.

७. पाताळगंगा : प्रवेशद्वारापासून सुमारे ४६ मीटर खोल, हा बेलमचा सर्वांत खालचा टप्पा. इथे भूगर्भातला झरा वाहतो. त्याचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून घरी व्हिडिओ कॉल लावावा. रेंज मिळाली नाही तर ‘हॅलो, हॅलो’ तरी करावं.

८. स्वाक्षरी : रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ मध्ये या गुहांची नोंद केली. १९८२-८३ मध्ये हर्बर्ट डॅनियल गेबाउअर यांच्या जर्मन पथकाने आत सरपटत जाऊन मोजमाप केलं. अशी नावं पुस्तकात येतात. आपल्या नावाची तशी सोय नसल्याने किल्लीने भिंतीवर, बाण घुसलेल्या बदामात, ते कोरून ठेवावं.

९. अभिप्राय : वर आल्यावर ‘लाइटिंग छान आहे’ एवढंच सांगावं. जिथे ऊन कधी पोचलंच नाही, तिथल्या दगडावर दिव्याच्या उजेडाने शेवाळ धरू शकतं, हे सांगून कोणाचा विरस करू नये.

यातली एकही सूचना पाळली नाही तरी गुहा पूर्ण पाहून होते आणि तिकीट तेवढंच पडतं. हात खिशात ठेवा.