तंटा कोरब्याचा, बैठक लंडनची

लंडन, पॅरिस, सिंगापूर, कुठंही लवादवाल्या वकिलांची परिषद भरू द्या. भारताचा विषय निघाला की चौथ्या-पाचव्या वाक्याला ‘बाल्को’ येतंच. बोलणाऱ्यांना कोरबा नकाशावर दाखवता येईल का, हे विचारायचं नसतं. छत्तीसगडातून पोलाद बाहेर जातं, तांदूळ जातो आणि हा एक खटला जातो. तिसऱ्या मालाचं नाव सर्वांत मोठं, आणि त्यावर राज्याला दमडीची रॉयल्टी नाही.

खटला असा. २२ एप्रिल १९९३ रोजी भारत ॲल्युमिनियम कंपनीनं, म्हणजे आपल्या बाल्कोनं, कैझर या अमेरिकी कंपनीशी करार केला. कोरब्याच्या स्मेल्टरसाठी संगणकावर चालणारी यंत्रणा बसवून घ्यायची होती. बाल्को तेव्हा सरकारी, कोरबा तेव्हा मध्य प्रदेशात. करारात लिहिलं की कायदा भारताचा. पण लवादाची पाळी आलीच तर तो इंग्लंडात आणि इंग्लंडच्या कायद्यानं. यंत्रणा अमेरिकेची, कारखाना कोरब्याचा, भांडायला मात्र लंडन! याद्यांच्या दिवशी काडीमोडाचं कलम कोण वाचतो म्हणा.

१९९७ मध्ये बिनसलं. नोव्हेंबर २००२ मध्ये इंग्लंडात निवाडे झाले. तोवर इकडे नवं राज्य आलं होतं, बाल्कोचे ५१ टक्के स्टरलाइट या खासगी कंपनीकडे गेले होते. तेवढं ते कलम जागचं हललं नव्हतं. निवाड्यांवर दाद मागायला बाल्को कुठं गेली? बिलासपूरच्या जिल्हा न्यायालयात.

आता हसू नका, कारण वाट इंदूरनं दाखवली होती. इंदूरची भाटिया इंटरनॅशनल आणि परदेशी बल्क ट्रेडिंग यांचा लवाद पॅरिसचा. पण परदेशी कंपनीला धास्ती ही की निकाल लागेपर्यंत इथली मालमत्ता विकली जाईल. म्हणून ती इंदूरच्या न्यायालयात आली आणि सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये सांगितलं, चालेल, करारानं वगळला नसेल तर आमचा कायदा परदेशातल्या लवादालाही लागतो. परदेशी पाहुण्यासाठी उघडलेल्या त्या दारातून मग हरलेले सगळेच आत शिरू लागले. सत्यम आणि व्हेंचर ग्लोबल या कंपन्यांचं प्रकरण घ्या. निवाडा लंडनचा, अंमलबजावणीचा अर्ज मिशिगनला आणि तो निवाडा रद्द करा म्हणून दावा सिकंदराबादला! २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेही चालवून घेतलं.

हे सगळं झालं एका ‘च’पायी. १९९६ चा लवाद कायदा संयुक्त राष्ट्रांच्या नमुन्यावरून बेतला. लवादाची जागा देशात असेल तरच हा कायदा लागू, असं नमुना म्हणतो. आपल्या कलमात ‘असेल तर’ एवढंच उतरलं. ‘च’ संसदेनं मुद्दाम गाळला की तो कुणाच्या हातून निसटला, यावर देशातल्या महागड्या वकिलांनी दिवसचे दिवस युक्तिवाद केले. आमच्याकडे शुद्धलेखनाचे मास्तर असते तर दोन मिनिटांत निकाल लागला असता.

६ सप्टेंबर २०१२ रोजी सरन्यायाधीश सरोश कपाडिया यांच्या पाच जणांच्या घटनापीठानं (आपल्या रंजना देसाईही त्यात होत्या) तो ‘च’ परत बसवला. परदेशात लवाद, तर आमची न्यायालयं मध्ये पडणार नाहीत. जगभर टाळ्या पडल्या. फक्त हा नियम त्या तारखेनंतरच्या करारांना लागू केला. म्हणजे ज्या बाल्कोच्या नावानं निकाल ओळखला जातो, तिचा १९९३ चा करार जुन्याच नियमात राहिला आणि अपील पुन्हा रांगेत! मधल्या मध्ये संसदेच्या ध्यानात आलं की दार लावताना पॅरिसवाल्या पाहुण्याची अडचण झाली. मग २०१५ च्या दुरुस्तीनं त्याच्यापुरती खिडकी उघडून दिली.

बाल्कोचं अपील २८ जानेवारी २०१६ रोजी फेटाळलं गेलं. कारण? करारात इंग्लंडचा कायदा लिहिलाय, तेव्हा इथं दाद नाही. हे अर्ज इथं चालणार नाहीत, असं बिलासपूरच्या जिल्हा न्यायाधीशांनी २० जुलै २००४ रोजीच सांगितलं होतं. उच्च न्यायालयानं २००५ मध्ये त्यावर शिक्का मारला होता. दिल्लीला तिथवर पोचायला आणखी दहा वर्षं लागली. परिषदांमधून कपाडियांच्या पीठाचे गोडवे गातात, ते गावेतच. पण बिलासपूरच्या त्या जिल्हा न्यायाधीशांच्या नावानं कुणी चहासुद्धा पाजल्याचं ऐकिवात नाही.

भांडण एकीकडे आणि दाद दुसरीकडे, हे आम्हा रायपूरकरांना खरं तर चटकन कळावं. राजधानी आमची, हायकोर्ट बिलासपूरचं. शंकरनगरच्या भिंतीचा वाद असला तरी अपिलाला शंभरावर किलोमीटर जायचं. पण लवादातली मंडळी आपल्याही वरताण. अहमदाबादची पासल आणि जीईची इथलीच कंपनी, दोघी भारतीय, त्यांनी लवादाची जागा लिहिली झुरिच. सुनावण्या झाल्या मुंबईत! सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये म्हटलं, खुशाल करा.

सिंगापूरच्या लवाद केंद्रातही परदेशी पक्षकारांमध्ये भारतीय वर्षानुवर्षं आघाडीवर असतात. त्यात आपली सिलतऱ्याची औद्योगिक वसाहत मागे का राहील? चौबे कॉलनीत आमच्या ओळखीचे एक काका आहेत, स्पंज आयर्नवाले, कोळसा बाहेरून मागवतात. करार बघायला मागितला. दराच्या पानावर चार रंगांच्या पेनांच्या खुणा, टनांवर गोल, डॉलरवर दोन गोल. शेवटचं पान कोरं करकरीत, खाली फक्त सही. वर छापलेलं: लवाद सिंगापूर, कायदा इंग्लंडचा.

“काका, हे वकिलाला दाखवलं होतं का?”

“अरे, तो त्यांचा छापील फॉरमॅट असतो. सगळेच सही करतात.”

“आणि उद्या भांडण झालं तर?”

“नाही रे होत. पार्टी चांगली आहे.”

माना विमानतळावरून सिंगापूरला थेट विमान नाही, एवढं मात्र त्यांना सांगून ठेवलंय.